'ओइदा' : पाहिलंय, म्हणून ठाऊक आहे

प्रश्न असा आहे : प्राचीन ग्रीकमधलं 'ओइदा' हे पूर्णकाळाचं रूप म्हणून शिकवतात, मग त्याचा अर्थ 'मला ठाऊक आहे' असा वर्तमानाचा कसा?

रूप पूर्णकाळाचंच आहे. पण ग्रीक पूर्णकाळाचं लक्ष मुळात क्रिया होऊन गेल्यावर मागे उरलेल्या स्थितीकडे असतं. 'आजोबा ओट्यावर बसलेत' असं आपण म्हणतो, तेव्हा बसण्याची क्रिया मघाशीच उरकलेली असते, सांगायचं असतं ते आत्ताचं. 'ओइदा'चा धातू पाहण्याचा. त्याच धातूचं 'एइदोन' म्हणजे 'मी पाहिलं'. तेव्हा 'ओइदा' म्हणजे मी पाहिलेलं आहे, आणि म्हणून मला ठाऊक आहे.

या क्रियापदाचं सख्खं भावंड आपल्या ओळखीचं आहे, आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच होतो. नासदीय सूक्तातलं 'को अद्धा वेद' आठवा : खरोखर कोणाला ठाऊक आहे? इथला 'वेद' ग्रंथ नव्हे, 'विद्' धातूचं क्रियापद आहे. ग्रीकमधला सुरुवातीचा 'व' पुढे गळून पडला, पण प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या ओळींत त्याची रिकामी जागा वृत्तात अजून जाणवते. 'मी, तू, तो' यांची रूपं शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा : ग्रीक ओइदा, ओइस्था, ओइदे; संस्कृत वेद, वेत्थ, वेद. बहुवचनात होमर 'इद्मेन' म्हणतो, संस्कृतात 'विद्म'. एकवचनातला भरदार स्वर दोन्हीकडे सारखाच आखडतो. शिवाय पूर्णकाळात एरवी धातूच्या सुरुवातीची द्विरुक्ती होते (ग्रीक 'लेलुका', संस्कृत 'ददर्श'), ती इथे दोन्ही भाषांत नाही. अर्थही दोन्हीकडे वर्तमानाचाच. इतक्या बारीक गोष्टी योगायोगाने जुळत नाहीत. हा दोघींच्या सामायिक पूर्वज भाषेचा वारसा आहे.

भाषांतर करताना एक जपा. पूर्णकाळाने वर्तमानाची जागा घेतल्यामुळे 'मला ठाऊक होतं' यासाठी ग्रीक माणूस पूर्णभूतकाळाचं रूप वापरतो. तिथे 'कळलेलं होतं' असं लिहिलं तर वाक्य उगाच एक पायरी मागे जातं.

या क्रियापदाचं धातुसाधित विशेषण 'एइदोस', म्हणजे जाणणारा. होमरमध्ये त्याचं स्त्रीलिंगी रूप 'इदुइआ' असंही येतं. गेलेला 'व' मनातल्या मनात परत जोडा, आणि शेजारी आपले 'विद्वान' आणि 'विदुषी' ठेवा.