म्हातारीच्या तोंडी एकही शिवी नाही?

प्रिय पोरी,

तुझी एकांकिका दोनदा वाचली. पहिल्याच पानावर बिल्डरच्या तोंडी अकरा शिव्या, मी मोजल्या. 'भरत नाट्य मंदिरा'त पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका बघायला बसलेली पोरं पहिल्या दोनांना शिट्ट्या मारतील, पाचवीला मोबाइल काढतील. आणि जिचा वाडा पाडला जातोय ती म्हातारी नुसती रडते. माझं भांडण इथेच आहे.

बिल्डरकडे पैसा आहे, वकील आहे. त्याला शिव्या द्यायची गरजच काय? तो 'आजी, तुम्ही बसा ना' म्हणेल. शापावर येतो तो हातात काही न उरलेला माणूस. त्यातून राजेही सुटले नाहीत. परळचा ११८७ सालचा शिलालेख बघ, शिलाहार अपरादित्याचा. देवाला दिलेलं हे दान जो मोडेल, त्याच्यावर वैद्यनाथाचा भाला सकुटुंब पडो, असं त्यात मराठीत आहे. पुढचं वाक्य गाढवाचं आणि आईचं, ते तुझं तू शोधून वाच. मेल्यावर तलवार चालत नाही, म्हणून शिवी दगडावर कोरून ठेवली. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात.

आमच्या कसब्यातल्या वाड्यात आजीचा 'मेला' दिवसभर चालायचा. मेलं दूध उतू गेलं, मेली किल्ली सापडत नाही, मेल्या जेवायला ये. मरणाचा शाप, पण झिजून झिजून लाडाचा झालेला. तिला खरंखुरं शापताना मी एकदाच पाहिलं. चुलत दिराने जिन्याखालची खोली लाटली तेव्हा. ती ओरडली नाही. आमची दृष्ट काढताना जी बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडायची, तीच उंबऱ्यात उभी राहून त्याच्या नावाने कडाकडा मोडली आणि एवढंच म्हणाली, 'तळतळाट लागेल.' तो माणूस नंतर कित्येक महिने नळावर आमची पाळी संपल्यावरच यायचा.

भांडकुदळ बायका ऐकायच्या असतील तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यात सुखेड-बोरीला जाऊन ये. दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हातवारे करत शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. शब्दांपेक्षा हात बघ.

तुझ्या नायकाचं 'आईशप्पथ' ठेव, छान आहे. शाप आणि शपथ एकाच धातूतून आलेत, आणि शपथ म्हणजे खोटं ठरलो तर आपल्यावरच उलटणारा शापच की. तोच पोरगा पुढच्या ओळीत 'आयला' म्हणतो, म्हणजे आई दोन्हीकडून गेली! मुकादमाची जातीवाचक शिवी मात्र काढ. ती वरून खाली पडणारी लाथ आहे, आणि ज्याला ती बसते त्याला तू एकही वाक्य दिलेलं नाहीस.

नवं पान गुरुवारच्या तालमीआधी पाठव. बिल्डरला खुर्ची दे. म्हातारी उंबऱ्यात उभी राहू दे.

काका