कोल्हापुरातच व्हॅन विकून मोकळे व्हावे का? माझा अनुभव

आठ महिने एकट्याने व्हॅन चालवून आपण कोल्हापुरापर्यंत परत आला आहात, तीन दिवस रंकाळ्याजवळ मुक्काम आहे, पुण्याकडे निघण्याचे मन होत नाही, आणि बेळगावचे एक गृहस्थ रोख रक्कम देऊन व्हॅन तिथूनच न्यायला तयार आहेत. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून द्या, बाकीचे मी पाहतो, असे ते म्हणतात. तेव्हा तिथेच विकून मोकळे व्हावे का, हा आपला प्रश्न मी दोनदा वाचला, कारण गावाचे नाव बदलले तर ही माझीच हकिगत आहे. माझा मुक्काम वाईला होता. पुणे जेमतेम ९० किलोमीटरवर, आणि मी मात्र पाच दिवस मेणवलीच्या घाटावर कपडे वाळत घालून बसले होते.

परतण्याच्या अनिच्छेबद्दल मी फार लिहीत नाही. ती टिकत नाही. सोसायटीच्या पार्किंगवरून पहिला वाद झाला की आपण घरी पोहोचलो आहोत हे आपोआप पटते. घातक असते ती या दिवसांतली घाई. रस्त्याचाही कंटाळा आलेला असतो आणि घरही नको असते, त्यामुळे जो कोणी समोर येऊन हे प्रकरण आजच संपवू म्हणेल तो देवदूत वाटतो. मला भेटलेले गृहस्थ शेजारच्या राज्यातले होते आणि, हेही सांगितले पाहिजे, अजिबात लबाड नव्हते. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, किल्ली दिली आणि एसटीने स्वारगेटला उतरले.

पुढचे १४ महिने ती व्हॅन माझ्याच नावावर धावत होती. त्यांनी आपल्या गावी नोंदणीसाठी अर्ज केला तेव्हा तिथे पुण्याच्या आरटीओचे (परिवहन कार्यालयाचे) ना हरकत प्रमाणपत्र मागितले गेले, आणि शिवाय तपासणीत व्हॅन व आरसी बुक यांचा मेळ बसेना. आरसीवर दहा आसने, आत मात्र दोन. उरलेल्या जागेत माझा पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि छताला पंख्यासाठी पाडलेले भोक. हे बदल मी कोणाचीही परवानगी न घेता करवून घेतले होते, कारण ज्याने ते करून दिले त्याने ‘कोणी विचारत नाही’ असे सांगितले होते. प्रवासात खरोखरच कोणी विचारले नाही. विचारणा झाली ती व्हॅन हस्तांतरित करताना.

नंतर जे सुरू झाले त्याने मला जास्त थकवले. ज्या कार्यालयात मी खेटे घातले त्याचे नाव लिहीत नाही. तिथले म्हणणे असे की प्रमाणपत्रासाठी वाहन समोर आणा. वाहन परराज्यात, आणि माझ्या नावावरची वाहतूक दंडाची चलने आधी फेडल्याशिवाय ते परत आणून देण्याची घेणाऱ्याची तयारी नाही. चलने ११ होती आणि त्यांतले एकही माझे नव्हते, पण प्रत्येकाचा संदेश मात्र माझ्याच मोबाइलवर येई. एका खिडकीवर ‘व्हॅन विकली तर तुमचा काय संबंध’ असे ऐकले आणि शेजारच्या खिडकीवर ‘नावावर आहे तर जबाबदारी तुमचीच’. दोन्ही वाक्ये एकाच सकाळी, चार हातांच्या अंतरावर. त्या चार हातांबद्दल माझ्या मनात अजूनही राग आहे, तो इथे उतरला असल्यास क्षमस्व.

मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा आपण स्वतः खातरजमा करावी. पण दुसऱ्या खिडकीवरची व्यक्ती बरोबर होती. मोटार वाहन कायद्यात ज्याच्या नावे नोंदणी तो मालक, आणि व्हॅन विकली गेली तरी नोंदणी बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मी दर रविवारी एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर त्या व्हॅनच्या विम्याची तारीख पाहत असे. ती उलटून गेलेली होती. कलम ५० प्रमाणे विक्रीची सूचना विकणाऱ्यानेही द्यायची असते, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत; परराज्यात नोंदणी व्हायची असेल तर ४५ दिवसांत ना हरकत प्रमाणपत्रासह. मला वाटत होते की हे काम घेणाऱ्याचे. बदलांविषयी कलम ५२ आहे, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल चालणार नाहीत, असे २०१९ च्या जानेवारीत न्यायालयानेही सांगितले.

शेवटी चलने मीच भरली, त्यांच्या गावी जाऊन व्हॅन चालवत पुण्याला आणली, पलंग काढला, जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत हिंडून आसने मिळवली आणि छताचे भोक बुजवून घेतले. व्हॅनच्या किमतीचा बराच भाग त्यात गेला.

म्हणून माझे मत, आणि ते थोडे हट्टी आहे: कोल्हापुरात विकू नका. बेळगावच्या गृहस्थांना खरेच हवी असेल तर ते पुण्याला येतील. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, एवढे चार टोलनाके पार करा आणि व्हॅन आपल्या दारात आणा. आतले सामान काढून ती आरसीशी जुळेल अशी करा, थकलेली चलने पाहा, ना हरकत प्रमाणपत्र हातात घ्या आणि मगच सही करा. सही करताना घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असावी, वेळसुद्धा लिहावी. आपल्या व्हॅनमध्ये केवळ सुटा पलंग ठेवलेला असेल आणि कापाकापी नसेल तर यातले निम्मे आपल्याला लागू नाही, परंतु आपण सौर पॅनेल छताला भोके पाडून बसवल्याचे लिहिले आहे, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

ओघाने दोन गोष्टी. फास्टॅगचे खाते किल्ली देण्यापूर्वी बंद करा. माझ्या खात्यातून परक्या रस्त्यांचे टोल दीड महिना जात होते. आणि ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जावर चासी क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा, पेन्सिलने काढलेला ठसा लागतो. आठ महिन्यांचा चिखल त्या आकड्यांत घट्ट बसलेला असेल, तेव्हा आदल्या दिवशी रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन तो साफ करा. माझा पहिला ठसा त्यातला एक आकडा उमटला नाही म्हणून परत आला होता.