रेडिओ बँड अचानक मेला तर आधी सूर्याकडे बघ
अरे, दिवसा एचएफ (शॉर्टवेव्ह रेडिओ) एकदम शांत झालं की लगेच अँटेना खाली उतरवू नकोस. फ्लेअरचे (सूर्यावरच्या स्फोटाचे) एक्स-रे ८ मिनिटांत पोचतात, डी-लेयर (वातावरणातला विद्युतभारित आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर) घट्ट होतो आणि सिग्नल तिथेच गिळला जातो, तेही फक्त पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला. खालच्या फ्रिक्वेन्सी आधी जातात, म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सीवर, १५ किंवा १० मीटरच्या बँडवर ऐकून बघ, बहुतेक तासाभरात सगळं परत येतं.

सीएमई (सूर्याने फेकलेला चुंबकीय प्लाझ्माचा ढग) मात्र वेगळं प्रकरण, ते यायला साधारण १ ते ३ दिवस लागतात आणि आल्यावर एचएफ दोन-दोन दिवस खराब राहू शकतं. नुसता केपी (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती ढवळलंय त्याचा आकडा) बघून उड्या मारू नकोस, बीझेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा) बघ, तो बराच वेळ दक्षिणेकडे म्हणजे मायनसमध्ये राहिला तरच खरं वादळ पेटतं. मे २०२४ ला जी५ (सगळ्यात तीव्र दर्जाचं चुंबकीय वादळ) झालं ना, २००३ नंतर पहिल्यांदाच, तेव्हा लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) लडाखमधूनही दिसला, कारण तो लाल रंग देणारा ऑक्सिजन २०० किमीच्या वर चमकतो म्हणून लांबून दिसतो.

आणि ऑरोरा असताना रेडिओ बंद करणं म्हणजे खरंच नुकसान रे! तू बऱ्यापैकी उत्तरेला असशील तर ६ आणि २ मीटर बँडचा बीम (एका दिशेचा अँटेना) उत्तरेकडे फिरव, सिग्नल ऑरोरावरून परततो, आवाज घोगरा फाटका येतो, त्यामुळे सीडब्ल्यूच (मोर्स कोड) वापर.