आनंद वाढवण्याआधी संध्याकाळचा जाच कमी करावा

तुमचा प्रश्न मी असा समजते. ठाण्यात राहणारे पाच जणांचे कुटुंब. तुम्ही दोघेही नोकरीला, मुलगी नववीत, मुलगा तिसरीत आणि घरात सासूबाई. पैशाची ओढाताण नाही, आजारपण नाही, मोठे भांडणही नाही. तरीही घरी आल्यावर बरे वाटत नाही, सगळे जण लॉजमध्ये उतरल्यासारखे आपापल्या खोलीत असतात, आणि यात आनंद कसा आणावा असे तुम्ही विचारले आहे. आधीच्या उत्तरांत कृतज्ञतेची वही, महिन्याला एक सहल, रविवारी सर्वांनी मिळून खेळ असे उपाय आले आहेत. त्यांत वाईट काही नाही. पण ते सगळे तुमच्या दिवसात आणखी एकेक काम घालणारे आहेत, आणि ते काम ठरवणे, आठवण करून देणे, सामान बांधणे हे बहुधा तुमच्याच वाट्याला येईल. मोठ्या कुटुंबात आधी सून म्हणून आणि पुढे सासू म्हणून राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की घरात आनंद आणण्याचा खटाटोप करण्याआधी रोजचा जाच नेमका कोठे होतो ते शोधावे आणि तो कमी करावा. तेवढे झाले तरी घरातली माणसे एकमेकांजवळ बसू लागतात, कारण जवळ बसले की काहीतरी काम किंवा बोलणे पदरात पडेल ही धास्ती उरत नाही.

नव्या वस्तूचा आणि मोठ्या प्रसंगाचा आनंद किती लवकर ओसरतो हे आपण सर्वच पाहतो. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात लॉटरी लागलेल्या २२ जणांना त्यांच्या सुखाविषयी विचारले होते. ते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. इतक्या थोड्या माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये हे खरे, पण नवा सोफा आल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याचे काय होते हे आठवले तर ही गोष्ट पटण्यासारखी आहे. याउलट रोज होणाऱ्या लहान त्रासाची सवय होत नाही. तो रोज नव्याने टोचतो. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सस राज्यातल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा प्रसंगाप्रसंगाने हिशेब घेतला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामावर जाण्यायेण्याचा वेळ सर्वांत नकोसा ठरला. कामानंतर चार माणसांत बसणे, निवांत पडणे, जेवणे या गोष्टी पुष्कळ वर होत्या. मुलांचे करणे मात्र आपण मानतो त्याहून बरेच खाली होते. मुलांवरची माया कमी असते असा याचा अर्थ मी घेत नाही. मुलांचे करणे बहुतेक वेळा घाईत आणि थकलेल्या अंगाने होते, एवढाच मी घेते. ठाण्याहून गर्दीच्या वेळी लोकलने जाणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पहिली गोष्ट, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास पाहा. शहरातल्या घरांचे बहुतेक दुःख मला तेथे साठलेले दिसते. दारात पाऊल ठेवताच ‘आज भाजी कोणती करायची?’, ‘उद्या चित्रकलेच्या वहीला कव्हर हवे आहे’, ‘बाई उद्या येणार नाहीत’ आणि ‘गॅस संपत आला आहे’ अशी चार वाक्ये कानावर येतात, आणि ज्या माणसाने अजून चपलाही काढलेल्या नसतात त्याच्याकडून चार निर्णय मागितले जातात. त्यावर जे तुटक उत्तर जाते, त्याने पुढच्या तीन तासांचा सूर ठरतो. आमच्या घरात यावर एक साधा नियम केला आणि तो टिकला: बाहेरून आलेल्या माणसाला हातपाय धुऊन चहा होईपर्यंत कोणीही काही विचारायचे नाही. गृहपाठाबद्दल नाही, भाजीबद्दल नाही, बिलाबद्दल तर नाहीच. हा नियम मोठ्यांनी मुलांच्या बाबतीतही पाळायचा. शाळेतून किंवा क्लासहून आलेल्या मुलालाही ‘पेपर मिळाला का?’ या प्रश्नाआधी काही खायला मिळावे. ज्या गोष्टी सांगायच्याच आहेत त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहाव्यात. ‘भाजी कोणती?’ हा प्रश्न तर रोज पडण्याचे काही कारणच नाही. शनिवारी आठवड्याच्या भाज्या ठरवून लिहून टाकाव्यात, त्यात एक दिवस पिठले-भात आणि एक दिवस खिचडी बिनदिक्कत असावी. सुगरणपणाच्या आपल्या कल्पनांनी अनेक बायकांच्या संध्याकाळी खाल्लेल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची, आणि येथे मी थोडे लांबून सांगणार आहे, कारण घरातला बहुतेक न बोललेला राग येथे साचतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. लक्षात घ्या, हे आकडे जे पुरुष घरकाम करतात त्यांचेच आहेत. जे मुळीच करत नाहीत ते यात धरलेले नाहीत. पण मिनिटांच्या हिशेबात न दिसणारे एक काम आणखी असते, ते म्हणजे लक्षात ठेवण्याचे. दूधवाल्याचे खाडे, मुलाच्या लसीची तारीख, सासूबाईंच्या गोळ्या संपण्याचा दिवस, शाळेचा फॉर्म, आत्याच्या घरच्या मुंजीचा आहेर ही सगळी यादी एकाच डोक्यात असेल, तर ते डोके जेवताना आणि टीव्ही पाहतानाही कामावरच असते. अशा वेळी नवरा म्हणतो, ‘मला सांग ना काय करायचे ते, मी मदत करतो.’ त्याचा हेतू चांगला असतो, पण सांगण्याचे काम पुन्हा तिचेच राहते. म्हणून तुकडे वाटू नयेत, अख्खी कामे वाटावीत. ज्याच्याकडे मुलाचा डबा आहे त्याने काय द्यायचे ते ठरवण्यापासून रात्री डबा घासायला टाकण्यापर्यंत सगळे पाहावे. ज्याच्याकडे किराणा आहे त्याने डाळ संपल्याचेही स्वतःच ओळखावे.

यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली ही की काम सोपवणाऱ्याला ते खरोखर सोडवत नाही. पोळी वेडीवाकडी झाली, कपडे उलटे वाळत घातले, मुलाला दोन दिवस सलग पोहेच दिले म्हणून आपण टोकतो, आणि तिसऱ्या दिवशी ते काम आपल्याकडे परत येते. दुसरी अडचण हिशेबाची. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की नवरा आणि बायको यांना घरकामातला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज वाटणीला असलेल्या एकूण कामाच्या वर जाते. कोणी खोटे बोलत नसतो. स्वतः केलेले काम जसे आठवते तसे दुसऱ्याने केलेले आठवत नाही. यावर मनातल्या मनात गुण मोजत बसण्यापेक्षा एकदा बसून घरातली सगळी कामे, लक्षात ठेवायची कामेसुद्धा, कागदावर उतरवणे हाच उपाय मला ठाऊक आहे. कागद पाहून बहुतेक घरांत दोघेही चकित होतात.

ऐपत असेल तर काही काम पैसे देऊन कमी करावे, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. वस्तू घेण्यापेक्षा वेळ वाचवण्यासाठी केलेला खर्च माणसाला अधिक समाधान देतो, असे २०१७ साली अ‍ॅशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही दिसले होते. आपल्याकडे पोळ्यांना बाई लावणे किंवा आठवड्यातून दोनदा पोळी-भाजी केंद्रातून आणणे हा मोठ्या सहलीपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी पडणारा खर्च आहे. मात्र त्या बाईंच्या घरीही संध्याकाळ होते, तेथेही मुले वाट पाहत असतात. आठवड्याची हक्काची सुटी, दिवाळीचा बोनस आणि आजारपणात न कापलेला पगार यांशिवाय विकत घेतलेली आपली निवांत संध्याकाळ मला तरी गोड लागत नाही.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘त्यांना आम्ही काहीच करू देत नाही, तरी त्या गप्प असतात.’ मला वाटते, त्या गप्प असण्याचे कारण याच वाक्यात आहे. ‘तुम्ही आता आराम करा’ हे आपण प्रेमाने म्हणतो, पण आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला त्यातून तिची गरज संपल्याचे ऐकू येते. त्यांना झेपेल असे एखादे खाते पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावे आणि त्यात ढवळाढवळ करू नये. लोणची-मसाले असोत, देवघर असो, नातवाचे पाढे असोत किंवा दूध-पेपरचा हिशेब असो, त्यात त्यांचा शब्द अखेरचा असावा. त्याबरोबर घराबाहेरची त्यांची माणसेही हवीत. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीच्या बाकावरच्या मैत्रिणी यांच्याकडे जाण्यासाठी त्यांना कोणाची परवानगी किंवा सोबत लागू नये. दिवसभरात ज्या माणसाशी कोणीच बोललेले नसते, ते माणूस संध्याकाळी येणाऱ्या पहिल्या व्यक्तीकडून फार अपेक्षा करते, आणि मग दोघेही दुखावले जातात.

मुलीबद्दल मला अधिक काळजी वाटते. नववीतले मूल दार लावून बसते यात वावगे काही नाही, त्या वयाला ते हवेच असते. पण ते बाहेर येते तेव्हा त्याला काय मिळते हे पाहावे. मुलगी सांगते, ‘आई, मला कबड्डीच्या संघात घेतले,’ आणि आपण विचारतो, ‘मग क्लासच्या वेळेचे काय?’ प्रश्न चुकीचा नसतो, पण तो उद्या विचारला तरी चालतो. शेली गेबल यांनी २००४ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे आढळले की जोडीदाराने सांगितलेल्या चांगल्या बातमीत आपण उत्साहाने सामील होतो की नाही, याचा नात्यातल्या समाधानाशी घट्ट संबंध असतो. ते अभ्यास मुलांवरचे नाहीत, तरी मुलांना तीच गोष्ट लागू आहे असे मी अनुभवाने म्हणते. कोणी निवडले, कोणत्या जागेवर खेळणार, सामना कधी, आम्ही पाहायला आलो तर चालेल का, एवढे विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या घरात चांगली बातमी सांगितल्यावर लगेच अट, तुलना किंवा उपदेश येतो, तेथे मुले बातम्या सांगणेच बंद करतात, आणि पुढे वाईट बातम्याही आपल्याला शेवटी कळतात.

शिवाय या वयाच्या मुलांना समोर बसवून ‘बोल, काय चालले आहे?’ असे विचारले की ती मिटतात. हात कामात असताना मात्र ती बोलतात. मेथी निवडताना, हिवाळ्यात मटार सोलताना, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसते, म्हणून अवघड गोष्टही सहज निघते. त्यामुळे निवडलेली भाजी विकत आणून वाचवलेला वेळ दर वेळी वाचलेलाच असतो असे नाही. यातले कोणते काम द्यायचे आणि कोणते ठेवायचे हे ज्या त्या घराने ठरवावे. रात्रीचे एक जेवण मात्र शक्यतो सर्वांनी एकत्र घ्यावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि हा नियम वडिलांच्या ऑफिसच्या फोनलाही लागू असावा.

सहलीला जरूर जा. फक्त सहलीकडून घर सुधारण्याची अपेक्षा ठेवू नका, आणि बॅगा कोणी भरायच्या हे आधी ठरवा.

आता एक सावधगिरीची गोष्ट. वर लिहिलेले सगळे थकलेल्या, पण मुळात सुरक्षित असलेल्या घरासाठी आहे. घरातले कोणी कित्येक आठवडे उदास असेल, झोप किंवा भूक गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातही मन लागत नसेल, तर त्याला नियमांची आणि वह्यांची नव्हे, डॉक्टरांची गरज असते. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. घरात कोणाची भीती वाटत असेल किंवा कोणी हात उगारत असेल, तर प्रश्न आनंदाचा नाही. तेथे स्त्रियांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनवर मदत मागावी.

शेवटी, हे सारे यजमानांपुढे कसे मांडावे, असे तुम्ही विचारले आहे. रात्री दहाला, ओटा पुसून झाल्यावर मांडू नका. त्या वेळी निघालेले प्रत्येक वाक्य तक्रार म्हणूनच ऐकले जाते. रविवारी सकाळी चहानंतर कामांची यादी दोघांनी मिळून लिहा, आणि त्यातली आपली कामे त्यांना स्वतः निवडू द्या, कारण निवडलेले काम लादलेल्या कामापेक्षा अधिक टिकते. त्यांनी जे निवडले असेल त्यात पहिला महिनाभर काहीही सुधारणा सुचवू नका, मुलगा विजोड मोजे घालून शाळेत गेला तरीही. महिन्यानंतर यादी पुन्हा काढा, ज्याला जे झेपले नाही ते बदलून घ्या, आणि त्या बैठकीला मुलीलाही बसवा. नववीतल्या मुलीला एका दिवसाचा पूर्ण स्वयंपाक नाही, पण शनिवारची भाज्यांची यादी नक्कीच सांभाळता येईल.