आधी दादा, मग कीबोर्ड

प्रिय बाळा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. स्तुतिगीतं चालू असताना शेजारचे हात वर करून रडतात, आणि तू मात्र कीबोर्डवर पुढचा कॉर्ड शोधत असतोस. म्हणून तुझी उपासना ढोंगी आहे का, असं विचारतोस. अरे, वाजवणाऱ्यानं कॉर्डच शोधावा! तू चुकलास तर अख्खी मंडळी बेसूर होईल. डोळे ओले झाले की भक्ती खरी, हे कोणी शिकवलं तुला?

सगळं पत्र भावनांवर, आणि तळाशी एकच ओळ: 'दादाशी सध्या बोलत नाही.' मला त्या ओळीवर बोलायचंय.

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढ, वचन 23 आणि 24. अर्पण वेदीपाशी आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवायचं आणि आधी जाऊन समेट करायचा. तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे प्रभू तिथं विचारतच नाही. त्याच्या मनात काय आहे, ते विचारतो. शिवाय हे ऐकणारे बहुतेक गालीलातले, आणि वेदी यरुशलेमेत, काही दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे अर्पण सोडून गावी जायचं, भावासमोर उभं राहायचं आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवायची. तुला तर एसटीनं एका दुपारचं काम.

आधी दादा, मग कीबोर्ड.

तुमच्या तरुणसंघात रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं की इंग्रजी गाणी, हाही वाद पेटलाय म्हणे. शोमरोन प्रांतातल्या बाईनं विहिरीपाशी येशूसमोर असाच विषय काढला होता: उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? येशूनं दोन्ही ठिकाणं बाजूला सारली आणि आत्म्यानं व खरेपणानं करायच्या उपासनेचं सांगितलं. टिळकांची पदं माझा जीव की प्राण. पण ती तोंडपाठ आहेत म्हणून कोणाचं देणं फिटत नाही.

आमच्या मंडळीत नव्या साउंड सिस्टिमच्या समर्पणाची उपासना ठरली, तेव्हा आवारातल्या रखवालदाराचा पगार थकला होता. मी कमिटीत विचारलं, तर म्हणाले, 'बाई, हा विषय आजचा नाही.' मग मीही आज गाणार नाही म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. हेकट, गर्विष्ठ, सगळं ऐकून घेतलं. आमोस संदेष्टा त्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात दुसरं काय सांगतो? तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. पगार झाला आणि मी पुन्हा गायले. काही जण अजून मला सलाम करत नाहीत. त्यांच्या दारी मी जाऊन आले. चहासुद्धा विचारला नाही कोणी, तरी गेले. आता उरलेलं त्यांनी बघावं.

तू म्हणशील, चूक दादाची आहे. असेल. तुझ्या फीसाठी बैलजोडी विकली त्यानं. निकालाचे पेढे मात्र तू मित्रांना वाटलेस, त्याला फोनसुद्धा केला नाहीस. हे तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस, विसरलास?

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला घ्यायचाय. शनिवारच्या सरावाला दांडी मार, पाळकसाहेबांना मी सांगते. दादाचा नंबर बदललाय, आईकडून घे. आणि जाताना गिटारवाल्या मित्राला बरोबर नेऊ नकोस, एकटा जा.

तुझी,
बाई