हरणारे संघ आणि खचलेली शहरं: शहर गरीब म्हणून संघ हरतो का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: कारखाने बंद पडले आणि खेळातही वर्षानुवर्षं निराशाच पदरी आली अशी शहरं कोणती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतो का?

अमेरिकेपुरतं बोलायचं तर क्लीव्हलँड आणि बफेलो या दोन नावांवर फारसा वाद होणार नाही. डेट्रॉइटचं नाव लोक हमखास जोडतात, पण मी ते अर्धंच धरतो. २०१३ मध्ये सुमारे १८ अब्ज डॉलरची देणी घेऊन ते शहर दिवाळखोरीत गेलं आणि तिथल्या लायन्सना अमेरिकन फुटबॉलमध्ये (पुढे ‘फुटबॉल’ म्हणजे हाच खेळ) १९५७ नंतर अजिंक्यपद मिळालेलं नाही, हे खरं. पण त्याच शहराच्या रेड विंग्जनी १९९७ ते २००८ दरम्यान चार वेळा आइस हॉकीचा स्टॅनले कप जिंकला आणि पिस्टन्सनी २००४ मध्ये एनबीए ही बास्केटबॉल स्पर्धा. एकच संघ बघून शहराला अभागी ठरवू नका. सगळे मोठे संघ एकत्र धरा आणि दोन विजेतेपदांमधलं अंतर मोजा.

या हिशेबात क्लीव्हलँडला तोड नाही. १९६४ मध्ये ब्राउन्सनी फुटबॉलचं अजिंक्यपद जिंकलं, त्यानंतरचं थेट २०१६ मध्ये, तेही बास्केटबॉलमध्ये. मधल्या ५२ वर्षांतल्या पराभवांना तिथे नावंच पडली आहेत. ‘द ड्राइव्ह’ म्हणजे जानेवारी १९८७: ब्राउन्स ७ गुणांनी पुढे, साडेपाच मिनिटं शिल्लक आणि चेंडू डेन्व्हरच्या स्वतःच्याच २ यार्ड रेषेजवळ. डेन्व्हरच्या जॉन एल्वेने १५ चालींत ९८ यार्ड कापून ३७ सेकंद राखून बरोबरी साधली आणि जादा वेळेत डेन्व्हर जिंकलं. पुढच्याच वर्षी, त्याच डेन्व्हरविरुद्ध, ब्राउन्सच्या अर्नेस्ट बायनरच्या हातून गोलरेषेच्या तोंडाशी चेंडू सुटला. मध्यंतराला २१-३ असा मागे पडलेला संघ तिथवर पोहोचला होता तो बऱ्याच अंशी बायनरमुळेच, पण लोकांच्या लक्षात राहिला तो सुटलेला चेंडू.

पैशाची बाजूही तितकीच वाईट. डिसेंबर १९७८ मध्ये शहराला स्थानिक बँकांचं सुमारे दीड कोटी डॉलरचं कर्ज मुदतीत फेडता आलं नाही. महामंदीनंतर एवढ्या मोठ्या अमेरिकी शहरावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. पालिकेची वीज कंपनी विकली असती तर मुदत वाढवून मिळाली असती, पण महापौर डेनिस कुसिनिच यांनी ठाम नकार दिला. गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी मतदारांनी आयकर एक टक्क्यावरून दीड टक्का करायला मंजुरी दिली आणि वीज कंपनी विकायची नाही, असाही कौल दिला.

आता संबंधाचं. फुटबॉलमध्ये तो जवळजवळ नाहीच. टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो आणि १९९४ पासून पगारावर कमाल मर्यादा आहे. ब्राउन्सनी २०१७ च्या हंगामातले सगळे १६ सामने गमावले, त्यात शहराच्या गरिबीचा काही वाटा नव्हता. संघाचा कारभारच वाईट होता. शेजारच्या पिट्सबर्गचंच बघा. पोलाद उद्योग उतरणीला लागलेल्या काळात, १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत, तिथल्या स्टीलर्सनी चार सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचे वार्षिक अंतिम सामने, जिंकले.

बेसबॉलमध्ये मात्र पगाराला कमाल मर्यादा नाही, आणि तिथे छोट्या बाजारपेठेला, म्हणजे कमी उत्पन्न देणाऱ्या शहरातल्या संघाला, चटका बसतो. सीसी सबाथिया आणि क्लिफ ली या दोघांनी क्लीव्हलँडकडून खेळताना २००७ आणि २००८ चा साय यंग हा सर्वोत्तम गोलंदाजाचा (पिचरचा) पुरस्कार मिळवला. करार संपत आले तसे दोघांनाही इतर खेळाडूंच्या बदल्यात दुसऱ्या संघांना देऊन टाकलं, आणि २००९ च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्यात एक यांकीजकडून, तर दुसरा फिलीजकडून चेंडू टाकत होता.

बफेलोची कारणं वेगळी. १९५९ मध्ये मोठ्या सरोवरांतून थेट समुद्रात नेणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि धान्याच्या बोटींना तिथे थांबायची गरज उरली नाही. १९८३ मध्ये लगतच्या लॅकवानातली बेथलहेम स्टीलची भट्टी विझली. १९५० साली ५ लाख ८० हजार असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत २ लाख ६१ हजारांवर आली. तिथला फुटबॉल संघ बिल्स सलग चार सुपर बोल हरला. पहिला १९-२० असा, स्कॉट नॉरवुडची ४७ यार्डांवरची किक उजवीकडून बाहेर गेली म्हणून. घरी परतल्यावर नायगारा चौकातल्या गर्दीने त्याच्याच नावाचा घोष केला. असा दिलदारपणा खेळात क्वचितच दिसतो.

माझ्या मते गरिबीचा खरा फटका मैदानावर नाही, वाटाघाटीत बसतो. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मालक आर्ट मोडेल यांनी ब्राउन्स बाल्टिमोरला नेणार असं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडकरांनी त्याच संघाचं स्टेडियम सुधारण्यासाठी दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवायला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली. संघ तरीही गेला, आणि जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोरचा होऊन सुपर बोल जिंकला. शहराने भांडून नाव, रंग आणि जुने विक्रम राखले. नवा संघ १९९९ मध्ये उतरला. १९९६ मध्ये ओहायोने कायदा केला: जनतेच्या पैशातल्या स्टेडियममधून संघ हलवायचा असेल तर सहा महिने आधी नोटीस द्या आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्या. पुढे ब्राउन्सना शहर सोडून ब्रूक पार्क या उपनगरात जायचं झालं, तेव्हा २०२५ मध्ये राज्याने हा कायदा ओहायोबाहेर जाणाऱ्या संघांपुरताच ठेवला.