वाचकांचे प्रश्न : सात दिवस, पण कुणाचे?

प्रश्न : एकाच शुक्रवारी पोस्टात, बँकेत आणि तहसील कार्यालयात अर्ज दिले. तिघांनीही ‘सात कामकाजाचे दिवस’ सांगितले. खेप कधी मारावी? (गुहागर)

उत्तर : तीन वेगवेगळ्या दिवशी. अर्ज दिला तो दिवस सोडायचा. समजा दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला शनिवार आहे. पोस्ट शनिवारी उघडं, म्हणून सातवा दिवस पुढचा शनिवार. बँक पहिल्या शनिवारी उघडी, पण दुसऱ्या-चौथ्याला बंद (२०१५ पासून), म्हणून सोमवार. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा, म्हणून मंगळवार. मध्ये सण आला तर एकेक दिवस पुढे. मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली स्थानिक सुट्टी बँकेला लागू नसते, इथे हमखास चुकतं.

प्रश्न : माहिती अधिकाराचे ३० दिवसही असेच मोजायचे का?

उत्तर : नाही. ते सलग, रविवारसकट. अपिलाचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला, तर कार्यालय उघडेल त्या दिवशी दिलेलं अपील मुदतीतलंच धरतात.

प्रश्न : खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला बायका येतात. रोज कोणती वेळ सांगावी? मजुरी दिवसावर द्यावी का? (मालवण)

उत्तर : इथे दिवस पाण्याचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजा. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पहाटे भरती आणि सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी साडेआठच्या आसपास. सुकतीच्या आधी दीड तास बायका चिखलात उतरलेल्या हव्यात, नंतर दीड तासात पाणी वर येऊ लागतं. म्हणजे साधारण सात ते दहा. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. सुकती सव्वाबाराला येते खरी, पण पाणी पुरतं हटत नाही, वाळूचा पट्टा उघडाच पडत नाही. त्या दिवशी बोलावलंत तर पाट्या रिकाम्या. शिवाय हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. आत जाल तशी भरती-सुकती उशिरा येते. किती, ते काठावर काठी रोवून दोन दिवस पाहा. तीन तासांच्या कामाला आठ तासांचा रोज ठरवला की भांडण ठरलेलं. मजुरी पाण्यावर, म्हणजे एका सुकतीच्या कामावर ठरवा, आणि भांगाचे दिवस आधीच सांगून टाका.